सप्लाय बोट नकाशावर दिसेनाशी होते तेव्हा

दापोलीच्या एका ताईंची विचारणा थोडक्यात अशी आहे. नवरा आधी बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या मोठ्या जहाजावर, होता, आता मुंबई हायला, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राला, चालणाऱ्या ऑफशोअर सप्लाय बोटीवर सेकंड ऑफिसर म्हणून रुजू झाला आहे. बोटी दाखवणाऱ्या एका फुकट वेबसाइटवर त्याच्या बोटीची शेवटची नोंद चौदा तासांपूर्वीची, मुंबईच्या थोडी बाहेरची. पुढे काहीच नाही. दुसऱ्या वेबसाइटवर त्याच नावाची बोट सिंगापूरला दिसते. बांधणीचं वर्ष एकीकडे २००८, दुसरीकडे २००९. 'डीपी-२, फायफाय-१, बोलार्ड पुल ८० टन' म्हणजे काय, बोट बरी आहे ना, आणि पैसे भरून सॅटेलाइटची सेवा घ्यावी का, असे बाकीचे प्रश्न.

ताई, आधी चौदा तासांचं बोलू, कारण काळजी तिथे आहे. मुंबई हायला गेलेली बोट फुकट नकाशावर चौदा तासच काय, चार-पाच दिवस दिसली नाही तरी त्यात नवल नाही. तुमच्या नवऱ्याची आधीची बोट महासागरात शिरली की आठवडा आठवडा गायब व्हायची आणि तुम्हीही ते धरून चालत असाल. आता बोट मुंबईपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरच आहे, म्हणून ती सतत दिसायला हवी असं वाटतं. पण ज्या यंत्रणेवर तो नकाशा चालतो तिच्या हिशेबात हे अंतर फार मोठं आहे.

ही यंत्रणा म्हणजे एआयएस. बोटीवर एक व्हीएचएफ रेडिओ असतो, साडेबारा वॉट ताकदीचा, म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याइतका. तो १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर आपलं स्थान, वेग आणि दिशा आपोआप ओरडून सांगत असतो. चौदा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगानं चालणारी बोट दर दहा सेकंदांनी सांगते, नांगरावरची दर तीन मिनिटांनी. नाव, लांबी-रुंदी, ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बसली आहे), पुढचं बंदर ही माहिती दर सहा मिनिटांनी जाते. हे मुळात घरच्यांसाठी केलेलंच नाही. दोन बोटींनी एकमेकींना ओळखावं आणि टक्कर टाळावी म्हणून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानं ते सक्तीचं केलं: आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या ३०० ग्रॉस टनांवरच्या बोटींना आणि किनारी फेऱ्यांच्या ५०० ग्रॉस टनांवरच्या मालवाहू बोटींना. किनाऱ्यावर कुणीतरी अँटेना लावतो, त्या हाका ऐकतो आणि इंटरनेटवर चढवतो, त्यातून या वेबसाइट तयार झाल्या.

व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. खलाशांचा जुना हिशेब आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं घ्या, बेरीज करा, २.२ नं गुणा. साधारण किती सागरी मैल ऐकू येईल ते मिळतं. किनाऱ्यावरची अँटेना शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर असेल तर वर्गमूळ दहा. सप्लाय बोटीच्या मास्टवरची अँटेना पाण्यापासून वीस मीटरवर, वर्गमूळ साडेचार. बेरीज साडेचौदा, गुणिले २.२, म्हणजे बत्तीस सागरी मैल. मुंबई हाय मुंबईपासून १६० किलोमीटर, म्हणजे ८६ सागरी मैलांवर. न्हाव्याच्या सप्लाय बेसवरून निघालेली बोट दहा नॉटनं चालली की बंदर सोडून तीनएक तासांत त्या बत्तीस मैलांच्या बाहेर पडते आणि नकाशावर तिथेच थिजते. पुढे ती फील्डवर पोचते, माल देते, दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे जाते, पण नकाशाला त्याचा पत्ता नसतो. तुमच्या बोटीची शेवटची नोंद जिथे आहे ती याच कक्षेची कड आहे. बोट तिथे थांबलेली नाही.

याला एक गमतीचा अपवाद आहे. मार्च ते मे या काळात अरबी समुद्रावर गरम कोरडी हवा वर आणि दमट हवा खाली असे थर बसतात, आणि त्या थरांच्या मधून व्हीएचएफ लहरी क्षितिज ओलांडून शेकडो किलोमीटर जातात. त्या दिवसांत मुंबईच्या अँटेनाला अचानक गुजरातपलीकडच्या बोटी ऐकू येतात आणि तुमची बोटही मध्यरात्री क्षणभर फील्डवर उगवून परत नाहीशी होईल. पावसाळा लागला की हा प्रकार बराच कमी होतो. एप्रिलमध्ये रोज दिसणारी बोट जुलैत दिसेना म्हणून घाबरलेल्या घरच्यांचे फोन मला येतात. बहुतेकदा कारण एवढंच असतं.

वेळ वाचताना एक सवय लावून घ्या. पुष्कळ वेबसाइट यूटीसी वेळ देतात, म्हणजे आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवायचे. रात्री साडेनऊची नोंद आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे तीनची असते. तेव्हा 'चौदा तासांपूर्वी' हे वेबसाइटनं स्वतः मोजलेलं आहे की तुम्ही घड्याळ बघून, ते तपासा. शिवाय स्थानाची नोंद आणि नाव-बंदराची नोंद यांच्या वेळा वेगळ्या असतात, कारण ती माहिती वेगवेगळ्या संदेशांतून येते.

आता पैशांचा प्रश्न. एआयएस ऐकणारे उपग्रह आहेत आणि वेबसाइट त्यांची माहिती विकतात. त्याने मुंबई हायवरची बोट दिसते, हे खरं. पण उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हाच ऐकतो आणि एका वेळी हजारो किलोमीटरचा पट्टा ऐकतो. प्रत्येक वाहिनीवर मिनिटाला २२५० संदेश मावतात. एकमेकींच्या कानावर येणाऱ्या बोटी ते आपापसांत वाटून घेतात. दूरदूरच्या बोटींना परस्परांची कल्पना नसते, म्हणून त्यांचे संदेश उपग्रहाच्या कानात एकमेकांवर आदळतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बोटींची गर्दी इतकी आहे की पैसे भरूनही मधे काही तासांचं अंतर पडू शकतं. मी घरच्यांना ही सेवा घ्यायला सांगत नाही. त्या पैशांत तुमचं समाधान होणार नाही, उलट दर अर्ध्या तासानं फोन उघडायची सवय लागेल. नवऱ्याच्या बोटीवर कसलं ना कसलं इंटरनेट बहुधा असेल. दिवसातून एक ओळीचा निरोप ठरवून घ्या. मात्र सप्लाय बोटीवर ऑफिसरांची ड्युटी बरेचदा सहा तास काम, सहा तास आराम अशी चालते. त्यात प्लॅटफॉर्मशेजारी काम असलं की आरामाच्या वेळेत माणूस फक्त झोपतो, त्यामुळे निरोपाला उशीर झाला तर मनाला लावून घेऊ नका.

सरकारकडे मात्र याहून जास्त माहिती असते. किनाऱ्यावरच्या दीपस्तंभांवर एआयएस केंद्रं बसवून दीपस्तंभ महासंचालनालयानं राष्ट्रीय जाळं उभं केलं आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या बोटी एलआरआयटी नावाच्या वेगळ्या यंत्रणेतून दर सहा तासांनी आपलं स्थान आपल्या देशाच्या केंद्राला कळवतात. यातलं काहीच जनतेसाठी खुलं नाही, आणि नसावंच. फील्डमध्ये बोट कुठे आहे हे कंपनीच्या ऑपरेशन्स विभागाला आणि ज्यांच्या चार्टरवर, म्हणजे भाडेकरारावर, ती आहे त्यांना रोजच्या रिपोर्टमधून कळतंच.

सिंगापूरच्या बोटीकडे वळू. बोटीचं नाव ही ओळखीची सगळ्यात कच्ची खूण. एकाच नावाच्या दहा बोटी जगात असू शकतात, आणि सप्लाय बोटींच्या मालकांना तर नावांपुढे १, २, ३ लावायची फार हौस. खरी ओळख आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, नंबर. सात आकडी, बोट बांधताना मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत बदलत नाही, मग मालक बदलो, झेंडा बदलो की नाव. तो बोटीच्या अंगावरही कायमचा कोरलेला असतो. नवऱ्याला तो एकदाच विचारून घ्या आणि यापुढे नावानं शोधूच नका.

नंबर नीट उतरवला की नाही ते घरबसल्या तपासता येतं. ९०७४७२९ हा नमुना घ्या. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा: ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९. शेवटचा आकडा ९, आणि नंबराचा सातवा आकडाही ९. जुळलं. न जुळल्यास नंबर लिहिताना कुठेतरी चूक झाली आहे.

दुसरा नंबर एमएमएसआय, नऊ आकडी. हा रेडिओचा नंबर असतो आणि झेंड्याबरोबर बदलतो. पहिले तीन आकडे देशाचे: भारताचे ४१९, सिंगापूरचे ५६३ ते ५६६, अमिरातीचे ४७०. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. सिंगापूरच्या नोंदीचा एमएमएसआय ५६ नं सुरू होत असेल आणि तिची शेवटची वेळ काही वर्षांपूर्वीची असेल, तर ती बहुधा हीच बोट, जुन्या झेंड्याखालची. बोट विकली गेली, भारतीय झेंडा लागला, नवा एमएमएसआय मिळाला, आणि वेबसाइटनं तिला नवी बोट समजून दुसरं पान उघडलं. जुनं पान तसंच राहिलं. दोन्ही पानांवरचा आयएमओ नंबर एकच असेल तर शंका मिटली. नंबर वेगळा असेल तर ती निव्वळ नावबहीण. तिसरी शक्यताही असते. एखाद्या बोटीच्या संचात चुकीचा एमएमएसआय भरला गेला तर दोन बोटी एकाच पानावर येतात आणि ठिपका मुंबई आणि सिंगापूरच्या मधे उड्या मारायला लागतो. असं काही दिसलं की घाबरायचं नाही, वेग बघायचा: सप्लाय बोट दोन तासांत अरबी समुद्रातून मलाक्काच्या सामुद्रधुनीत जाऊ शकत नाही.

एआयएसमध्ये काय यंत्र भरतं आणि काय माणूस, हा फरक समजला की निम्मा गोंधळ जातो. स्थान आणि वेग जीपीएसवरून येतात, बोटीच्या नाकाची दिशा जायरो या होकायंत्रावरून. त्यावर साधारण विश्वास ठेवावा. पण पुढचं बंदर, पोचायची वेळ, ड्राफ्ट आणि 'चालू आहे', 'नांगरावर आहे' ही स्थिती ब्रिजवरचा ऑफिसर हातानं टाकतो. सप्लाय बोटीची फेरी इतकी छोटी आणि इतकी सारखी की अनेक बोटींवर 'मुंबई हाय' किंवा नुसतं 'ऑफशोअर' असं एकदा टाकलेलं महिनोन् महिने तसंच राहतं, पोचायची वेळ मागच्या मोसमातली. ड्राफ्टचंही तेच. म्हणून धक्क्याला लागलेली बोट 'इंजिनावर चालू' दिसली किंवा नांगर उचलून निघालेली बोट 'नांगरावर' दिसली तर ती ऑफिसरची कसूर समजा, बोटीचं संकट नव्हे. आता हे काम तुमच्या नवऱ्याच्याच वाट्याला असेल. घरी आला की विचारा.

यंत्राला माहिती मिळाली नाही तर ते ठरावीक आकडे पाठवतं: दिशा ५११, वेग १०२.३ नॉट, अक्षांश ९१, रेखांश १८१. सप्लाय बोट १०२ नॉटनं पळताना दिसली तर तिचा वेग त्या क्षणी माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बोटीचा प्रकारही फसवा. एआयएसच्या यादीत सप्लाय बोटीसाठी असा खास कोडच नाही. कुणी मालवाहू निवडतो, कुणी टग, कुणी 'इतर'. त्यामुळे एकाच धक्क्यावरच्या दोन जुळ्या बोटी नकाशावर दोन रंगांच्या दिसतात.

फील्डवरची बोट दिसलीच, तर तिच्या वाटेच्या रेघा तुम्हाला विचित्र वाटतील. लहान पोरानं गिरगिटल्यासारखी गुंतागुंत असते. त्यातही अर्थ आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्म आणि रिगभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र असतं. परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, आणि शिरण्याआधी इंजिनं, थ्रस्टर (बोट आडवी सरकवणारे पंखे), स्टिअरिंग, हवामान यांची यादी तपासून सही करावी लागते. परवानगी मिळेपर्यंत बोट बाहेर दोन-तीन नॉटनं येरझाऱ्या घालते. त्या लांबट घिरट्या म्हणजे वाट बघणं. आत गेल्यावर ती प्लॅटफॉर्मपासून काही मीटरवर डीपीवर, म्हणजे नांगराशिवाय संगणकाच्या आधारानं, उभी राहते. तेव्हा वेग शून्य पूर्णांक एक-दोन नॉट दिसतो आणि जाण्याची दिशा सारखी फिरते. ती बघूच नका, नाकाची दिशा बघा, ती स्थिर असेल. या वेळी स्थिती 'हालचालीवर मर्यादा' अशी दिसली तर ब्रिजवरचे लोक जागरूक आहेत असं मी समजतो. पावसाळ्यात नैऋत्येकडे तोंड करून तीन-चार नॉटनं तासन् तास सरकणारी रेघ दिसेल. बोट लाटांना नाक देऊन हवामान निवळायची वाट बघते आहे, काम बंद आहे. त्या दिवसांत जेवणाची भांडी सोडली तर बोटीवर फार काही पडत-धडत नाही, पण झोप मात्र कुणाला नसते.

या घिरट्यांमध्ये गस्तीच्याही घिरट्या असतात. प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासळी जमते, म्हणून आपल्याच किनाऱ्यावरचे मच्छीमार जाळी घेऊन तिथे येतात आणि सप्लाय बोटीला त्यांना समजावून बाहेर काढावं लागतं. कोकणातला खलाशी ब्रिजवर असला की रेडिओवरचा हा संवाद बराच सोपा होतो.

आता तांत्रिक माहिती. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ही अँकर हँडलिंग प्रकारची बोट आहे. सप्लाय बोटींत मुख्य दोन जाती. पीएसव्ही म्हणजे नुसती माल नेणारी: लांब सपाट डेक, पोटात डिझेल, पिण्याचं पाणी, ड्रिलिंगचं पाणी, पातळ मड (ड्रिलिंगचा चिखल), आणि कोरड्या टाक्यांत सिमेंट, बॅराइट, बेंटोनाइट. तिची किंमत डेकच्या चौरस मीटरवर आणि डेडवेटवर ठरते. पंचाहत्तर-ऐंशी मीटर लांबीच्या पीएसव्हीला सातशेएक चौरस मीटर डेक असतो. दुसरी जात अँकर हँडलर: ती मालही नेते, पण तिचं खरं काम रिग ओढणं आणि रिगचे नांगर टाकणं-उचलणं. तिच्या डेकवर मोठा विंच आणि मागच्या टोकाला जाडजूड रोलर असतो.

बोलार्ड पुल म्हणजे जागेवर उभ्या बोटीनं धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधून इंजिन पूर्ण लावलं की दोरावर येणारी ओढ. ८० टन ही मुंबई हायच्या कामाला चांगली मध्यम ताकद. त्यामागे सहा-साडेसहा हजार अश्वशक्ती असणार. शंभर अश्वशक्तीला सव्वा टनाच्या आसपास ओढ, हा ढोबळ हिशेब. पण वेबसाइटवरचा आकडा नवी बोट तपासली त्या दिवसाचा असतो. शिवाय काही क्षणांची कमाल ओढ आणि सतत टिकणारी ओढ यांत फरक असतो, आणि जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापतात. बोट पंधरा वर्षांहून जुनी असेल तर शेवटची चाचणी कधीची, हा विचारण्यासारखा प्रश्न. पण तो चार्टर करणाऱ्यानं विचारायचा, तुम्ही नव्हे.

फायफाय-१ म्हणजे बोट दुसऱ्याची आग विझवू शकते. तासाला २४०० घनमीटर पाणी, किमान दोन तोफा, १२० मीटर लांब आणि ४५ मीटर उंच फवारा. स्वतःच्या आगीपासून बचावाशी याचा थेट संबंध नाही, तो प्रत्येक बोटीला असतोच.

डीपीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या नवऱ्याचं रोजचं काम हेच आहे. डायनॅमिक पोझिशनिंगमध्ये संगणक जीपीएस, लेझर, वाऱ्याचे मापक यांच्याकडून माहिती घेतो आणि प्रोपेलर, थ्रस्टर चालवून बोट नांगराशिवाय एका जागी धरून ठेवतो. डीपी-१ मध्ये एक भाग बंद पडला तर बोट जागा सोडू शकते. डीपी-२ मध्ये कुठलंही एक यंत्र, जनरेटर किंवा संगणक बंद पडला तरी बोट जागेवर राहिली पाहिजे, म्हणून सगळं दुहेरी असतं. डीपी-३ मध्ये आग किंवा पाण्यानं एक अख्खा कप्पा गेला तरी जागा सुटता कामा नये. या व्याख्या आयएमओनं १९९४ मध्ये ठरवल्या आणि २०१७ मध्ये सुधारल्या. बोटींचा दर्जा तपासून दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्था आपापली नावं लावतात: एबीएसची डीपीएस-२, लॉइड्सची डीपी (एए) आणि डीएनव्हीची डायनपॉस-ऑटआर साधारण एकाच दर्जाच्या. एका वेबसाइटवर डीपी-२ आणि दुसऱ्या ठिकाणी एए दिसलं तर विसंगती समजू नका.

काही मीटरवर तेल-वायूचे पाइप असताना जागा सुटणं काय असतं ते मुंबई हायनं पाहिलं आहे. २७ जुलै २००५, ऐन पावसाळा. समुद्र सुरक्षा या बहुउद्देशीय बोटीवरचा एक माणूस जखमी झाला होता, त्याला प्लॅटफॉर्मवर देण्यासाठी बोट बीएचएन (बॉम्बे हाय नॉर्थ) प्लॅटफॉर्मजवळ गेली. ताबा सुटला, बोट प्लॅटफॉर्मच्या राइझरवर, म्हणजे समुद्रतळातून तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपवर, आदळली, वायू पेटला आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला. २२ जण गेले. बोटही जळाली आणि काही दिवसांनी ओढून नेताना बुडाली. त्यामुळे ब्रिजवरचा माणूस 'आज आत जात नाही' म्हणतो तेव्हा त्याच्यावर चार्टरचा कितीही दबाव असो, तो शहाणपणानं वागतो असं मी मानतो. डीपी-२ चा शिक्का यंत्राला असतो. हवामान बघून थांबायचं काम माणसाचं.

वर्षातली तफावत अगदी साधी असावी. बोटीचा कणा, म्हणजे कील, एका वर्षी घालतात आणि ताबा दुसऱ्या वर्षी देतात. काही ठिकाणी आधीचं वर्ष छापतात, काही ठिकाणी नंतरचं. सुरक्षेचे कितीतरी नियम कीलच्या तारखेवरून लागू होतात, म्हणून ती तारीखही निरर्थक नाही. त्या काळात सप्लाय बोटींची मागणी तुफान होती, आपल्या रत्नागिरीत भारती शिपयार्डही त्या बांधत होतं, आणि २००८ च्या मंदीनंतर तर जगभरच्या यार्डांत अर्धवट बांधलेल्या बोटी रखडल्या. एका वर्षाचा फरक काहीच नाही. पाच-सहा वर्षांचा असता तर मीही भुवया उंचावल्या असत्या.

ग्रॉस टनेज आणि डेडवेट हे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. ग्रॉस टनेज हे बोटीच्या बंदिस्त जागेचं माप आहे, वजनाचं नाही. डेडवेट म्हणजे ती किती टन माल, इंधन, पाणी वाहू शकते. लांबी-रुंदीही दोन ठिकाणी दोन-तीन मीटरनं वेगळी दिसेल. एआयएसवरची लांबी म्हणजे जीपीएस अँटेनापासून पुढचं टोक आणि मागचं टोक यांची बेरीज, आणि ती संच बसवणाऱ्या तंत्रज्ञानं भरलेली असते.

बोट बरी आहे का, हे या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी इक्वासिस नावाची वेबसाइट आहे, युरोपीय आयोग आणि फ्रान्सच्या सागरी प्रशासनानं २००० मध्ये सुरू केलेली. नाव नोंदवलं की फुकट. आयएमओ नंबर टाका आणि तीन गोष्टी पाहा. वर्गीकरण संस्था कोणती आणि दाखला चालू आहे की काढून घेतला आहे. भारतीय बोटींना बहुतेकदा पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचा असतो. नोंदणीकृत मालक आणि सुरक्षा व्यवस्थापन सांभाळणारी कंपनी कोण. आणि बंदरातल्या तपासण्यांत बोट कधी अडकवली गेली का. या शेवटच्या रकान्यात तुमच्या बोटीचं पान कोरं असेल तर गैरसमज करून घेऊ नका. त्या तपासण्या परदेशी झेंड्याच्या बोटींच्या होतात. आपल्या भागात त्यांचा मेळ घालणाऱ्या हिंदी महासागर एमओयू या देशांमधल्या कराराचं सचिवालय गोव्यात आहे. भारतीय झेंड्याची, न्हावा ते फील्ड एवढंच करणारी बोट त्यांच्या वहीत येणार तरी कशी?

हाच शोध नोकरी घेण्याआधी करावा, विशेषतः आखातातल्या बोटींसाठी. बोट शारजा किंवा अजमानच्या बाहेर कित्येक महिने एकाच जागी नांगरावर आहे, वर्गीकरणाचा दाखला गेला आहे आणि मालक दोन वर्षांत तीनदा बदलला आहे, असं एकत्र दिसलं तर एजंट कितीही गोड बोलो, जाऊ नये. पगार थकलेल्या, सोडून दिलेल्या बोटींचा इतिहास बहुतेकदा असाच असतो. खलाशी भरतीसाठी लागणारं एजंटचं आरपीएसएल लायसन्स चालू आहे का ते डीजी शिपिंगच्या यादीत दिसतं. आखातातली आणखी एक गोष्ट: गेल्या काही वर्षांत होर्मुझ आणि तांबड्या समुद्राच्या भागात जीपीएसमध्ये ढवळाढवळ होते आणि बोटी नकाशावर वाळवंटात किंवा विमानतळावर दिसतात. तिकडचं ठिकाण बघताना आधीच्या-नंतरच्या नोंदीही बघाव्यात.

वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र नकाशा बंद ठेवा. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा घराघरांत लोक ठिपके बघत होते आणि ठिपके जुने होते. त्यात बुडालेली पी-३०५ ही राहण्याची बार्ज होती, २६१ माणसं घेऊन नांगरांवर उभी असलेली, स्वतःचं चालक इंजिन नसलेली. ७० हून अधिक माणसं गेली. तुमच्या नवऱ्याची बोट स्वतःच्या इंजिनावर हलते, वेळेत निघू शकते, आणि हा फरक मोठा आहे. तरीही त्या दिवसांत खरी बातमी दोनच ठिकाणी मिळते. एक, कंपनीचा डीपीए, म्हणजे बोटीची जबाबदारी असलेला किनाऱ्यावरचा नेमलेला अधिकारी. आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेखाली चालणाऱ्या प्रत्येक कंपनीत तो असतो आणि त्याचा नंबर बोटीवर लावलेला असतो. नवऱ्याला सांगून तो आणि ऑफिसचा रात्रीचा नंबर आजच लिहून घ्या, आयएमओ नंबराच्या शेजारी. दुसरं, तटरक्षक दलाचा १५५४ हा फुकट नंबर, समुद्रावरच्या संकटासाठी. निरोप चार तास उशिरा आला म्हणून तो फिरवू नका. कंपनी फोन उचलत नसेल आणि बोट संकटात असल्याची पक्की खबर असेल, तर एक क्षणही थांबू नका.